माळ्याच्या जमिनीखालचा वारा

डिसेंबरमधल्या एका रात्री माझी लेक उशी आणि पांघरूण काखेत मारून जिना उतरली आणि आजोबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपली. सकाळी विचारलं तर म्हणाली, "वर पाय गार पडतात."

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर १९५१ सालचं. खाली छोट्या खोल्या, वर उतरत्या छपराखाली माळा. आई गेल्यावर अण्णांना बार्शीजवळच्या गावातून इकडे आणायचं ठरलं. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून लेकीची खालची खोली त्यांना द्यायची आणि तिच्यासाठी माळ्यावर खोली काढायची, असा बेत केला. एका ठेकेदाराने सहा आठवड्यांत ती काढून दिलीही. पांढऱ्या भिंती, एक खिडकी, नवी लाकडी जमीन. फोटोत फार देखणी दिसायची. थंडी पडेपर्यंत प्रत्यक्षातही दिसली.

अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "माझं तिकीट जरा अलीकडं घेता येतंय का बघ. माझ्यामुळं पोरगी थंडीत पडली."

मी म्हटलं, तसं काही नाही. पण तसंच होतं. भिंतीत इन्सुलेशन होतं, छपरात होतं, हीटर रात्रभर चालू होता, आणि तरी वरच्या जमिनीचं तापमान १२ अंश. खाली २० होतं. पैसे देऊन भरलेला तो सगळा कापूस नेमकं काय करत होता, हे शोधता शोधता मी माळ्याच्या इतिहासात शिरलो.

*

आमच्या घराच्या ठेवणीला इथे 'केप कॉड' म्हणतात. मूळ मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची. ठेंगणं घर, उभट छप्पर, मधोमध मोठी चिमणी. पण ही ठेवण गल्लोगल्ली पोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लाखो सैनिक घरी परतले होते, लग्नं होत होती, आणि राहायला घरं नव्हती. १९४७ साली लेव्हिट अँड सन्स या कंपनीने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, कारखान्यात गाड्या जोडाव्यात तशी घरं जोडायला सुरुवात केली. १९५१पर्यंत १७ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. गावाचं नाव पडलं लेव्हिटटाउन.

पहिली घरं केप कॉड पद्धतीची, साधारण ७५० चौरस फुटांची. दोन बेडरूम, एक बाथरूम, आणि वर एक रिकामा माळा. जिना तयार, माळा अर्धवट. कल्पना साधी होती : आज परवडतं तेवढं घ्या, पोरंबाळं झाली की वर तुम्हीच खोल्या काढा. लोकांनी काढल्या. शनिवार-रविवारी, हातोडा घेऊन, शेजाऱ्याच्या मदतीने.

या घरांच्या सुरुवातीच्या करारांत एक कलम होतं : गोऱ्यांखेरीज कुणालाही घरात राहू द्यायचं नाही. नोकर असेल तर चालेल. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने घरविक्रीतली अशी बंधनं न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, तरी वस्ती पुढे कित्येक वर्षं गोरीच राहिली. आपल्या लोकांना इथे मोठ्या संख्येने येता आलं ते १९६५च्या कायद्यानंतर. आमचं घर लेव्हिटचं नाही, पण त्याच काळातलं आणि त्याच वळणाचं आहे. ते बांधलं तेव्हा त्याच्या माळ्यावर सोलापूरकडची एक पोरगी झोपेल, हे कुणाच्या स्वप्नातही नसणार.

*

छपराखाली काहीतरी भरायची युक्ती जुनीच. लाकडाचा भुसा, कोंडा, गवत, जे हाताशी असेल ते. १८९०च्या दशकात बोस्टनच्या सॅम्युअल कॅबटने समुद्रातलं वाळवलेलं ईलग्रास दोन कागदांच्या मध्ये शिवून त्याच्या चक्क गोधड्या विकल्या. १८९७ साली इंडियानात सी. सी. हॉल या माणसाने दगड वितळवून त्याची लोकर बनवायला सुरुवात केली. १९३०च्या दशकात काचेची लोकर आली, म्हणजे आज सगळीकडे दिसणारं गुलाबी किंवा पिवळं फायबरग्लास.

या सगळ्यांचं काम एकच. हवा उष्णता फार हळू वाहून नेते, पण ती हलली नाही तरच. म्हणून तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून ठेवायचं. गोधडी हेच करते, स्वेटरही हेच करतो.

पण १९३०च्या दशकात इन्सुलेशन भरलेल्या घरांच्या बाहेरच्या रंगाला पापुद्रे सुटायला लागले. रंगारी म्हणाले, हा कापूस पाणी ओढतो. संशोधकांनी तपासलं तर कारण निराळं निघालं. घरातल्या स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ भिंतीत आणि माळ्यावर शिरत होती. पूर्वी तिथलं लाकूड घरातल्या उष्णतेने थोडं ऊबदार राहायचं. आता उष्णता आतच अडवली गेल्यामुळे बाहेरच्या बाजूचं लाकूड गार पडलं, आणि थंडगार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसं त्याच्यावर पाणी जमायला लागलं.

उपाय म्हणून १९४२ साली सरकारच्या गृहकर्ज विमा खात्याने नियम घातला : माळ्याला हवा खेळायला झरोके ठेवा, जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक तीनशेांश तरी. हा आकडा अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमांत अजून टिकून आहे. म्हणजे माळा हा मुद्दाम थंड ठेवलेला भाग झाला. जवळजवळ बाहेरच. घर कुठे संपतं? माळ्याच्या जमिनीपाशी. म्हणून इन्सुलेशन त्या जमिनीवर पसरायचं.

माळा रिकामा आहे तोवर हे ठीक. पण तिथे माणूस झोपायला गेला की ती सीमारेषा हलते. आता ती खोलीच्या भिंतीवरून, छपरावरून फिरायला हवी. आमच्या घरी नेमकी इथेच चूक झाली होती. पण ते मला अजून कळलं नव्हतं.

*

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव साधारण ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. ज्या देशात इंधन पाण्यासारखं वापरलं जायचं तिथे पेट्रोलसाठी रांगा लागल्या. १९७६-७७चा हिवाळा कडाक्याचा होता, नैसर्गिक वायूही कमी पडला. २ फेब्रुवारी १९७७ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर शेकोटीशेजारी स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि लोकांना म्हणाले, घराचं तापमान दिवसा ६५ फॅरनहाइटवर ठेवा, रात्री ५५वर. म्हणजे दिवसा १८ अंश सेल्सिअस, रात्री १३. पुढच्या वर्षी कायदा झाला. घरात इन्सुलेशन वगैरे घातलंत तर पहिल्या २००० डॉलर खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे कमाल ३०० डॉलर, करात सूट. देशभर माळ्यांवर कापूस पसरला जाऊ लागला.

त्याच वर्षांत आमच्याच राज्यात, प्रिन्स्टन विद्यापीठापासून जवळ असलेल्या ट्विन रिव्हर्स नावाच्या नव्या वसाहतीत काही शास्त्रज्ञ लोकांच्या घरांत तारा आणि तापमापकं लावत फिरत होते. रॉबर्ट सोकोलो यांच्या नेतृत्वाखालचा हा गट. एकाला एक चिकटलेली, एकाच नकाशाची घरं. तरी एका घराचं गॅसचं बिल शेजारच्याच्या दुप्पट यायचं. काही फरक माणसांच्या सवयींचा होता. पण काही कोडं घरातच होतं.

माळ्यावर इन्सुलेशन होतं. कागदावरच्या हिशेबाने तिथून किती उष्णता जायला हवी हे माहीत होतं. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट जात होती. हिवाळ्यात माळा जितका थंड असायला हवा तितका थंडच नव्हता.

यान बेयी, गौतम दत्त आणि थॉमस वोटेकी यांनी ते कोडं सोडवलं. दत्त हे नाव वाचून मी जरा थांबलो. सत्तरच्या दशकात आपल्या नावाचा एक माणूस न्यू जर्सीतल्या माळ्यांवर रांगत होता, याचं उगाचच बरं वाटलं. त्यांना दिसलं ते असं : दोन घरांमधली सामाईक भिंत पोकळ ठोकळ्यांची होती. ती पोकळी आणि भिंतीलगतची फट तळघरापासून थेट माळ्यापर्यंत जात होती. भट्टीच्या धुराड्याभोवतीही मोकळी जागा होती. गरम हवा कापसातून जायच्या भानगडीतच पडत नव्हती. ती बाजूच्या वाटेने वर निघून जात होती. गरम हवा हलकी, ती वर चढते, वरच्या भोकांतून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. अख्खं घर म्हणजे एक चिमणी.

पुण्यात डिसेंबरमध्ये पहाटे स्वेटर घालून गाडी चालवली असेल तर हे लगेच पटेल. उभे असता तोवर स्वेटर ऊब देतो. गाडी सुटली की वारा थेट छातीला लागतो. वर विंडचीटर हवा. प्रिन्स्टनच्या लोकांनी एवढंच सांगितलं : आधी फटी बुजवा, मग कापूस भरा. एका घरात फटी, खिडक्या, माळा असं सगळं नीट करून त्यांनी घर तापवायला लागणारी उष्णता दोन तृतीयांशांनी कमी करून दाखवली.

फटी शोधायलाही त्यांनी एक यंत्र वापरलं. स्वीडनमध्ये खिडकीत मोठा पंखा बसवून घराचा गळका किती ते मोजायचे. इथे तो दारात बसवला गेला. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि जिथे जिथे भोक असेल तिथून बाहेरची हवा आत शिरते.

*

जानेवारीत तसलाच पंखा घेऊन एक माणूस आमच्याकडे आला. दाराच्या चौकटीत त्याने लाल कापड ताणलं, पण पंखा लावायच्या आधी जिना चढला. माळ्यावर खोलीच्या दोन्ही बाजूंना, जिथे छप्पर खाली उतरतं तिथे, गुडघ्याच्या जरा वर येईल एवढी ठेंगणी भिंत असते. तिच्यामागे रांगत जाता येईल असा त्रिकोणी बोगदा उरतो. आपल्याकडे तिथे पाटा-वरवंटा, जुनी पातेली आणि गणपतीचं मखर ठेवलं असतं. त्याने तिथलं छोटं दार उघडून टॉर्च मारला आणि म्हणाला, खडे नाहीत, बरं झालं.

कसले खडे?

मग त्याने लिबीची गोष्ट सांगितली. पुढची मी वाचून काढली. मोंटाना राज्यातलं लिबी हे छोटं गाव. तिथल्या खाणीत व्हर्मिक्युलाइट निघायचं. अभ्रकासारखं खनिज. तापवलं की लाहीसारखं फुलतं. हलकं, चकचकीत, जळत नाही. 'झोनोलाइट' नावाने पिशव्या मिळायच्या. माळ्यावर न्यायची, तुळयांच्या मध्ये ओतायची, झालं काम. पण लिबीच्या त्या खनिजात अॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. १९६३पासून खाण डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीकडे होती. ती १९९०मध्ये बंद झाली. १९९९मध्ये सिएटलच्या एका वर्तमानपत्राने गावातले मृत्यू आणि आजार देशासमोर आणले. खाणकामगारांच्या कपड्यांवरची धूळ घरी जायची, म्हणून त्यांच्या बायकामुलांच्या फुफ्फुसांतही ती सापडली. २००९ साली सरकारने तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. १९१९ ते १९९०मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून अधिक या एका खाणीतलं होतं. म्हणून आजही सल्ला असा, की माळ्यावर असे खडे दिसले तर ते अॅस्बेस्टॉसवालेच समजा, हात लावू नका, झाडूही मारू नका.

आमच्याकडे जुनी, काळपट दगडी लोकर होती. तिच्यावर ठेकेदाराने घातलेलं नवं फायबरग्लास. माणसाने पंखा सुरू केला. त्याच्याजवळ धूर सोडणारी पेन्सिलीसारखी काहीतरी वस्तू होती. अण्णा जिन्याच्या तळाशी उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, हा काय करतोय? मी सांगितलं. ते देवघरात गेले आणि उदबत्ती पेटवून माझ्या हातात दिली.

"धूर भोक शोधतोच," म्हणाले. "आपल्या माळवदाला साणं कशाला असायचं मग?"

मी ती उदबत्ती ठेंगण्या भिंतीच्या पायाशी, जमीन आणि भिंत मिळतात तिथे धरली. सरळ वर जाणारा धूर आडवा झाला आणि खोलीच्या आत ढकलला गेला. चार बोटं सरकवली, पुन्हा तेच. अख्ख्या भिंतीच्या लांबीभर तेच. मग त्या माणसाने उष्णता दाखवणारा कॅमेरा जमिनीवर फिरवला. पडद्यावर खोलीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत निळे पट्टे. सोळा सोळा इंचांवर एक.

आता कळलं. ठेकेदाराने ठेंगण्या भिंतीत कापूस भरला होता, बोगद्याच्या जमिनीवरही पसरला होता. पण भिंत उभी होती ती जमिनीच्या फळ्यांवर. फळ्यांच्या खाली तुळया, आणि दोन तुळयांमधला कप्पा भिंतीखालून सरळ खोलीच्या जमिनीखाली जात होता. त्याला कुणी बूच लावलं नव्हतं. १९४२च्या नियमाप्रमाणे ठेवलेल्या झरोक्यांतून वारा बोगद्यात यायचा, कप्प्यात शिरायचा आणि लेकीच्या पलंगाखालून पलीकडच्या बोगद्यात निघून जायचा.

अण्णा गणिताचे निवृत्त शिक्षक. संध्याकाळी त्यांनी वहीत हिशेब मांडला. एक कप्पा साडेचौदा इंच रुंद, साडेपाच इंच उंच. म्हणजे ८० चौरस इंच. एका बाजूला २१ कप्पे, दोन्ही मिळून ४२. सगळे मिळून २३ चौरस फूट. मग टेप घेऊन घराचं पुढचं दार मोजलं : २० चौरस फूट.

"दारापेक्षा मोठं भोक ठेवून हीटर लावलाय तुम्ही," ते म्हणाले.

*

दोन शनिवार-रविवार गेले. मी मास्क लावून बोगद्यात पडून माप सांगायचो, जिन्यावरून लेक ते खाली ओरडून पोचवायची, आणि जेवणाच्या टेबलावर अण्णा कडक फोमच्या पाटीवर रेघा मारून तुकडे कापायचे. कोणतेही दोन कप्पे सारखे नव्हते, पाव इंचाचा तरी फरक. म्हणून प्रत्येक तुकड्यावर त्यांनी नंबर घातला. तुकडा भिंतीच्या बरोबर खाली उभा बसवायचा, चारी कडांना डब्यातला फोम फवारायचा. भिंतीच्या मागच्या बाजूलाही पाटी ठोकली, म्हणजे कापसाला वारा लागणार नाही. चिमणीभोवतीच्या फटीत फोम चालत नाही, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट. शेवटी तो पंखावाला पुन्हा आला आणि गॅसच्या बंबाचा धूर नीट बाहेर जातो ना, हे तपासून गेला. घर घट्ट झालं की धुराड्यातून धूर उलटा आत यायचा धोका असतो. हे तपासल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

पुढच्या कडक थंडीत वरच्या जमिनीचं तापमान १८ आलं. लेक वर गेली. तिकिटाचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

फेब्रुवारीत एकदा उरलेल्या फोमच्या पाटीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "हे आपल्या गावच्या स्लॅबवर घातलं तर?"

गावी आमचं माळवदाचं घर होतं. तुळया, त्यावर आडवी लाकडं, कडुलिंबाचा पाला, आणि वर पांढरी माती. पावसाळ्याआधी आजोबा वर चढून भेगा बुजवायचे, नवी माती टाकायचे. वर्षानुवर्षं थर वाढत जायचा, फूटभर, कुठे दोन फूट. मे महिन्यात दुपारी आत गेलं की अंगावरून थंड पाणी गेल्यासारखं वाटायचं. ती मातीची गोधडीच होती. बाहेरचं ऊन दिवसभर पिऊन ठेवायची, आत पोचू द्यायची नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून दमलेली माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली : दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावर माळवदाची टनावारी माती. आमच्या गावाला नुसता हादरा बसला. पण त्यानंतर आजी कधी माळवदाखाली झोपली नाही. दोन वर्षांनी घर पाडून स्लॅब टाकला. तो पडला नाही. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खाली उष्णता ओकत राहतो. आई शेवटचे दोन उन्हाळे ओसरीवर झोपली.

म्हणून अण्णांच्या प्रश्नाचं मी लगेच उत्तर दिलं नाही. लिबीच्या पिशव्या स्वस्त होत्या, हलक्या होत्या, जळत नव्हत्या. आमच्या गावची माती फुकट होती. दोन्ही आपापलं काम चोख करत होत्या.

मी म्हटलं, घालता येईल. स्लॅबच्या वरून, म्हणजे ऊन स्लॅबला लागायच्या आधीच अडेल. वर कोबा आणि पांढरा रंग. फटी नीट भराव्या लागतील, नाहीतर पाणी खाली जाईल.

अण्णांनी वही ओढली. "वजन किती होईल, ते आधी सांग."

चार बाय आठ फुटांची, इंचभर जाडीची पाटी दोन किलोसुद्धा भरत नाही, मी म्हटलं. तेवढ्याच जागेवर फूटभर माती घातली तर दीड टनाच्या आसपास जाईल.

त्यांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. मग त्याखाली लिहिलं : कोबा? आणि पेन्सिल हातात धरून माझ्याकडे बघत बसले.